साथीचा रोग, बेगमी आणि घबराटीची खरेदी : एक अभ्यास

साथीचा रोग आला की दोन ठिकाणी रांगा लागतात. एक दवाखान्यासमोर आणि दुसरी वाण्याच्या दुकानासमोर. दवाखान्यासमोरच्या रांगेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेख दुसऱ्या रांगेविषयी आहे. ही रांग का लागते, तिच्यात कोण उभे असते, कोणाला उभे राहणेच परवडत नाही आणि ती लागू नये म्हणून काय करता येते, एवढे आपणास पाहावयाचे आहे. विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु मार्च २०२० मधील संध्याकाळी ज्यांनी आपापल्या नाक्यावर पाहिल्या आहेत, त्यांना तो तसा वाटणार नाही. मी काही अर्थशास्त्राचा पंडित नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेच्या काउंटरवर बसणारा कारकून आहे. मात्र रांगा रोज पाहतो, आणि बँकेपुढची रांग व वाण्यापुढची रांग यांचे नाते अगदी जवळचे आहे, हे पुढे दिसून येईल.

बेगमी म्हणजे साठेबाजी नव्हे

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे सामान साठविण्याला एकच नाव नाही. वर्षाचे धान्य भरणे, उन्हाळ्यात मिरची कांडून मसाला करून ठेवणे, पापड-कुरडया-सांडगे वाळविणे, कोकणात आगोटीला सुके मासे, कांदे व सरपण घरात घेणे, याला बेगमी म्हणतात. बेगमी ही पीक हाती आल्यावर होते. त्यावेळी बाजारात माल भरपूर असतो, भाव उतरलेले असतात आणि लोकांनी माल उचलला तर शेतकऱ्याचा व व्यापाऱ्याचा फायदाच होतो. शिवाय पावसाळ्यात रस्ते बंद पडत, त्यावेळी घरात भरलेला कणगा बाजारावरचा भार हलका करीत असे. आपल्या आया-आज्यांची ही रीत शहाणपणाची होती, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही.

दुसरा शब्द साठेबाजी. व्यापारी भाव वाढावेत या हेतूने माल दडवून ठेवतो ती साठेबाजी. तिच्यासाठी कायदा आहे. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली सात वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, आणि काळाबाजार रोखण्यासाठी १९८० चा प्रतिबंधक कायदाही आहे.

तिसरा प्रकार म्हणजे आपल्या अभ्यासाचा विषय, घबराटीची खरेदी. ही व्यापारी करीत नाही, तुमच्या-आमच्यासारखा माणूस करतो. ती नफ्यासाठी होत नाही, भीतीपोटी होते. आणि ती नेमकी अशा वेळी होते की जेव्हा वाहतूक अडलेली आहे, हमाल गावी गेलेले आहेत आणि दुकानात नवा माल येण्यास उशीर लागणार आहे. म्हणजे वेळेच्या बाबतीत ती बेगमीच्या अगदी उलट आहे. येथे कायद्याचा हातही पोहोचत नाही. गोदामावर धाड पडू शकते. स्वयंपाकघरातील डब्यांची झडती कोण घेणार?

सुरत, सप्टेंबर १९९४

आमच्या पिढीने लहानपणी किंवा कॉलेजात असताना पाहिलेली पहिली मोठी घबराट म्हणजे सुरतेची. त्याच्या थोडे आधी, १९९४ च्या ऑगस्टमध्ये, आपल्या बीड जिल्ह्यातील मामला या गावी पिसवा फार झाल्याच्या तक्रारी आल्या आणि पाठोपाठ गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. त्याचे एक कारण असे सांगितले गेले की ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भीतीने लोक घरे सोडून बाहेर राहू लागले, मागे घरातील साठविलेल्या धान्यावर उंदीर पोसले गेले आणि पिसवांचे फावले. साठविलेले धान्य आणि प्लेग यांचे नाते असे जुने आहे.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. दोन-चार दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात राहणारे आपले खानदेशी कामगार ताप्ती मार्गाच्या गाड्यांना लोंबकळत नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे परतले. अनेक खासगी डॉक्टरही दवाखान्यांना कुलपे लावून निघून गेले. आणि औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लीनच्या गोळ्या दिसेनाशा झाल्या. सुरतेतच नव्हे तर जेथे प्लेग नव्हता अशा दूरच्या शहरांतही, अगदी दिल्लीतसुद्धा, लोकांनी पाकिटेच्या पाकिटे उचलली.

यातील विरोधाभास विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा. प्लेग हा जिवाणूंमुळे होतो आणि टेट्रासायक्लीन त्यावर चालते. म्हणजे हे औषध उपलब्ध असेल तर प्लेगला पूर्वीइतके घाबरण्याचे कारण नाही. ते कोणी घ्यावे? रुग्णाने, आणि रुग्णाच्या निकट सहवासात आलेल्यांनी. परंतु शंभर कोसांवर बसलेल्या निरोगी माणसाने उशाखाली गोळ्या ठेवल्या आणि ज्याला दोन दिवसांत त्या हव्या होत्या त्याच्या नातेवाइकांना दुकानामागून दुकान पालथे घालावे लागले. सरकारला तातडीने औषधाचे साठे सुरतेकडे पाठवावे लागले. साथ काही आठवड्यांत आटोक्यात आली. मृतांचा आकडा साठाच्या आत राहिला. ज्या घरांत गोळ्या साठविल्या गेल्या त्यांपैकी बहुतेक घरांत त्या तशाच पडून मुदत संपून गेल्या असणार, हे सांगण्यास आकडेवारीची गरज नाही.

एका वाण्याचा हिशेब

आता थोडे गणित करू. एका वस्तीत एक दुकान आहे असे समजा. त्यावर २०० कुटुंबे अवलंबून आहेत आणि प्रत्येक कुटुंबाला दिवसाला सरासरी १ किलो धान्य लागते. म्हणजे रोजचा खप २०० किलो. दुकानदार दहा दिवसांचा माल ठेवतो, म्हणजे २००० किलो. एरवी हा माल पुरून उरतो, कारण मध्ये नवी गाडी येते.

एके दिवशी बातमी येते की उद्यापासून सर्व बंद. दोनशेपैकी केवळ ६० कुटुंबे महिनाभराचे, म्हणजे प्रत्येकी ३० किलो धान्य जादा उचलतात. ६० गुणिले ३० म्हणजे १८०० किलो. त्या दिवशीची नेहमीची विक्री २०० किलो. एकूण २००० किलो. दुकान एका दिवसात रिकामे! उरलेल्या १४० कुटुंबांना दुसऱ्या दिवशी हात हलवीत परत जावे लागते.

लक्षात घ्या, या संपूर्ण व्यवहारात धान्याचा एक दाणाही कमी झालेला नाही. कोणी काळाबाजार केलेला नाही. दुकानदाराने छापील भावाने विक्री केली असेल. शंभरात तीसच लोकांनी जादा खरेदी केली, सत्तर शांत होते. तरीही टंचाई झाली आणि ती खरीखुरी झाली. धान्य फक्त साठ घरांच्या पलंगाखाली सरकले.

याच्या पुढचा भागही आहे, तो सहसा लक्षात घेतला जात नाही. घाबरलेला दुकानदार दुप्पट मागणी नोंदवितो, घाऊक व्यापारी तिप्पट. महिन्याने माल येतो तेव्हा ती साठ कुटुंबे खरेदीला येतच नाहीत, कारण घरात पोते शिल्लक आहे. तोवर पावसाळा लागतो. रव्यात अळ्या, तांदळात टोके, आट्याला वास. मग गृहिणी उन्हाची तिरीप शोधत परातीत धान्य पसरून बसते. जुन्या बेगमीत धान्याला उन्हे दाखविणे, कडुलिंबाचा पाला घालणे, कणगी लिंपणे हे सारे शास्त्र होते. घाईने आणलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांना ते कोठून असणार?

बँकेपुढची रांग

आता बँकेकडे वळू. बँकेत लोक ठेवी ठेवतात. बँक त्या तिजोरीत रचून ठेवीत नाही. थोडा भाग रोख ठेवून उरलेली रक्कम कर्जाऊ देते. एरवी हे सुरळीत चालते, कारण सगळे ठेवीदार एकाच दिवशी पैसे मागत नाहीत. पण उद्या कोणी अफवा उठविली की अमुक बँक बुडणार, आणि सर्वांनी एकदम रांग लावली, तर चांगली चालणारी बँकही अडचणीत येते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ साली एका गाजलेल्या निबंधात अशाच एका काल्पनिक बँकेचे उदाहरण देऊन ही कल्पना मांडली. आरंभी खोटे असलेले भाकीत, लोकांनी खरे मानून वागल्यामुळे खरे ठरते. समाजशास्त्र विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांना हा निबंध पुढे अभ्यासाला येईलच.

दुकान आणि बँक यांत तत्त्वतः फरक नाही. दोन्ही ठिकाणी थोडा साठा पुष्कळांना पुरतो, तो विश्वासाच्या आधारावर. आणि दोन्ही ठिकाणी रांगेतला एकेकटा माणूस मूर्ख नसतो, हे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. शेजारी पोते घेऊन जाताना दिसला आणि आपल्या घरात चार दिवसांचेच तांदूळ आहेत, तर आपणही धावणार. न धावणाऱ्याला उपाशी राहावे लागण्याची शक्यता खरोखरीच असते. म्हणून वर्तमानपत्रांत आणि दूरदर्शनवर लोकांना अडाणी, बेजबाबदार म्हणून झोडपण्याची जी पद्धत आहे ती मला पटत नाही. रागावून रांग मोडत नाही.

मग कशाने मोडते? बँकांच्या बाबतीत आपल्या देशाने उत्तर शोधले आहे. १९६० साली लक्ष्मी बँक आणि पलाई सेंट्रल बँक बुडाल्यावर लोक हवालदिल झाले. त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. आरंभी प्रत्येक ठेवीदाराला १५०० रुपयांपर्यंत हमी होती. १ मे १९९३ पासून ती एक लाख झाली आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख. या विम्याची गंमत अशी की त्याचा मोठा उपयोग पैसे देण्यात नसून रांग लागू न देण्यात आहे. आपली रक्कम कोठे जात नाही, असे ज्याला खात्रीने ठाऊक आहे तो पहाटे पाचला बँकेच्या पायरीवर येऊन बसत नाही.

मार्च २०२०

हा विचार मनात ठेवून आता कोरोनाच्या दिवसांकडे पाहू. त्यावेळी ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, अमेरिका येथील दुकानांतून शौचालयात वापरावयाचा कागद संपल्याच्या बातम्या आल्या. हाँगकाँगमध्ये तर १७ फेब्रुवारी २०२० रोजी शस्त्रधाऱ्यांनी या कागदाच्या सहाशे गुंडाळ्या लुटल्या. आपल्याकडे त्याची पुष्कळ चेष्टा झाली, कारण आपले काम पाण्यावर भागते. पण तेथेही गणित तेच होते. हा कागद जागा फार खातो, त्यामुळे दुकानात तो थोड्या दिवसांपुरताच ठेवलेला असतो आणि दहा-वीस गिऱ्हाइकांनी उचलला की फळी रिकामी दिसते. रिकामी फळी पाहिली की पुढचा माणूस घाबरतो. जपानमध्ये १९७३ साली तेलाच्या टंचाईच्या वेळी याच कागदासाठी अशीच झुंबड उडाली होती, आणि तेव्हा रोगाची साथही नव्हती.

आपल्याकडे आधी मास्क आणि सॅनिटायझर गेले. १३ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने त्यांना ३० जूनपर्यंत जीवनावश्यक वस्तू घोषित केले. २१ मार्चला कमाल भाव ठरवून दिले. दोन पदरी मास्क ८ रुपये, तीन पदरी १० रुपये, २०० मिलिलिटर सॅनिटायझर १०० रुपये. भाव कागदावर उतरले तरी माल लगेच फळीवर आला असे नाही. पुढे गावोगावी बचत गटांतील भगिनींनी कापडी मास्क शिवण्यास सुरुवात केली आणि साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून सॅनिटायझर तयार होऊ लागले, तेव्हा ही ओढ कमी झाली.

मग आला २४ मार्च. रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी त्याच मध्यरात्रीपासून २१ दिवस संपूर्ण टाळेबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. वास्तविक किराणा, दूध, भाजीपाला, औषधे आणि रेशन दुकाने चालू राहणार होती, तसा गृह मंत्रालयाचा आदेश त्याच दिवशी निघाला होता. पण लोकांच्या कानावर बंदची घोषणा आधी पडली आणि चालू राहणाऱ्या गोष्टींची यादी नंतर. मधल्या दोन-तीन तासांत माणसे पिशव्या घेऊन रस्त्यावर उतरली. जो रोग गर्दीने पसरतो त्या रोगापासून वाचण्यासाठी लोक गर्दीत शिरले. घबराट करू नका, सर्व वस्तू मिळतील, असे पंतप्रधानांना त्याच रात्री पुन्हा सांगावे लागले. दोन दिवसांनी महाराष्ट्र सरकारने जीवनावश्यक वस्तूंची दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्यास मुभा दिली. हा निर्णय मला फार समंजस वाटला. दुकान दोन तासच उघडे असेल तर दोनशे माणसे त्या दोन तासांत येणार, ते दिवसभर उघडे असेल तर गर्दी आपोआप विरळ होते. पुढे काही शहरांत स्थानिक अधिकाऱ्यांनी वेळा कमी करून नेमकी उलट दिशा धरली, हेही आपण पाहिले.

त्यावेळी देशात धान्य नव्हते काय? १ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय साठ्यात गहू व तांदूळ मिळून साडेपाच कोटी टनांहून अधिक धान्य होते. त्या तारखेला असावयास हवा असा ठरविलेला साठा सुमारे २ कोटी १० लाख टन. म्हणजे गरजेच्या अडीचपटीहून जास्त. टंचाई होती ती ट्रकांची, चालकांची आणि माथाडी कामगारांची. वाशीच्या बाजार समितीचे व्यवहार काही काळ बंद ठेवावे लागले. तेव्हा सगळाच दोष घाबरलेल्या गिऱ्हाइकावर टाकणे न्यायाचे होणार नाही. मालाची वाट अडली होती हे खरे, आणि त्या अडलेल्या वाटेवर जादा खरेदीचे ओझे पडले हेही खरे.

रांगेत कोण नव्हते

माझ्या मते या विषयाचा गाभा येथे आहे. त्या रात्रीच्या रांगेत उभे राहण्यासाठी काय लागते? हातात चार-पाच हजार रुपये लागतात. घरात पोते ठेवण्यास जागा लागते. शक्य तर दुचाकी लागते. ज्याचा पगार महिन्याच्या अखेरीस बँकेत जमा होतो त्याच्याकडे या तिन्ही गोष्टी असतात. ज्याची मजुरी संध्याकाळी हातावर पडते त्याच्याकडे यांपैकी एकही नसते.

नाक्यावरचा मजूर, घरकाम करणारी बाई, भंगार वेचणारा, बिगारी ही माणसे रोजची खरेदी रोज करतात. अर्धा किलो तांदूळ, पावशेर डाळ, दहा रुपयांचे तेल पिशवीत बांधून, चहाची पुडी, साबणाची वडी. किलोच्या हिशेबाने पाहिले तर हा माणूस पोते घेणाऱ्यापेक्षा नेहमीच महाग खरेदी करतो. साथीच्या दिवसांत त्याची मजुरी आधी बंद होते आणि त्याच वेळी दुकानातील सुटा माल संपतो. उरतात ती महागडी पाकिटे. वाणी उधारी बंद करतो, कारण त्यालाही घाऊक व्यापारी रोख मागतो. वर आपण २०० कुटुंबांचे गणित केले त्यातील १४० कुटुंबांत हा माणूस होता.

समाजबांधवांनो, आपल्यापैकी पुष्कळजण आज मासिक पगारावर आहेत. शिक्षणाने, नोकरीने हे शक्य झाले. आपल्या वडिलांच्या पिढीत बहुतेक घरांची चूल संध्याकाळच्या पुडीवर पेटत होती. आपण त्या रांगेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आलो आहोत. आपले कित्येक नातेवाईक मात्र अजून तेथेच आहेत, कधी तर त्याच वस्तीत, त्याच दुकानावर. मोठ्या शहरातील मोठ्या दुकानातून कोणी दोन पोती जादा नेली तर तोटा कोणाचा झाला हे दिसत नाही. वस्तीतल्या दुकानात ते दिसते, नावानिशी दिसते.

एप्रिलमधील एक अफवा

अफवेला फक्त पैसेवाला बळी पडतो असे मात्र समजू नये. एप्रिल २०२० मध्ये जनधन खाते असलेल्या महिलांच्या खात्यात दरमहा ५०० रुपये याप्रमाणे तीन महिने रक्कम जमा करण्याचे ठरले. अशी सुमारे २० कोटी खाती होती. पहिला हप्ता जमा होताच अनेक ठिकाणी अफवा पसरली की पैसे लगेच काढले नाहीत तर सरकार परत घेईल. झाले! बायाबापड्या उन्हात, मुले कडेवर घेऊन बँकांपुढे येऊन बसल्या.

यावर दोन उपाय योजण्यात आले आणि दोन्ही साधे होते. पहिला, खात्याच्या शेवटच्या आकड्यावरून दिवस ठरवून दिले. शेवटचा आकडा ० किंवा १ असेल तर ३ एप्रिल, २ किंवा ३ असेल तर ४ एप्रिल, याप्रमाणे ९ एप्रिलपर्यंत. त्यानंतर कोणत्याही दिवशी. दुसरा, पैसे परत जाणार नाहीत असे पुनःपुन्हा, स्पष्ट शब्दांत सांगितले गेले. काउंटरच्या अलीकडे बसून मी एक पाहिले की, "गर्दी करू नका" या वाक्याने कोणी हलत नाही. पण "मावशी, तुमचा आकडा सहा आहे, तुमचा वार बुधवार, त्या दिवशी तुमचे पैसे नक्की मिळतील" असे म्हटले की माणूस उठून घरी जातो. हमी आणि तारीख दोन्ही हातात पडले की धीर येतो.

उलट बाजूने पाहता अफवा किती वेगाने पोहोचते याचे उदाहरण हाँगकाँगचे आहे. सार्स रोगाची साथ चालू असताना १ एप्रिल २००३ रोजी एका चौदा वर्षांच्या मुलाने नामांकित वर्तमानपत्राच्या पानासारखे खोटे पान तयार करून शहर बंद होणार अशी बातमी पसरविली. काही तासांत दुकानांतून तांदूळ व डबाबंद अन्न उचलले गेले. सरकारला त्याच दिवशी खुलासा करावा लागला आणि लाखो मोबाइलवर लघुसंदेश पाठवावे लागले. आज प्रत्येकाच्या खिशात तसे पान तयार करण्याचे साधन आहे.

धान्याचा विमा

बँकेला ठेव विमा, तसा धान्याला विमा कोणता? माझे उत्तर, रेशनकार्ड. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. २६ मार्च २०२० रोजी त्यावर आणखी ५ किलो मोफत धान्य आणि कुटुंबाला १ किलो डाळ देण्याची घोषणा झाली. ती सुमारे ८० कोटी लोकांसाठी होती. रेशनच्या दुकानात बायोमेट्रिकचे यंत्र बंद, सर्व्हर बंद, माल कमी या तक्रारी सर्वांना माहीत आहेत. तरीही ज्याच्याकडे चालू कार्ड होते त्याच्या घरात त्या उन्हाळ्यात तांदूळ आला. ज्याचे कार्ड गावी, नाव आई-वडिलांच्या कार्डावर आणि पोट मुंबई-पुण्याला, त्याची हमी गावीच राहिली, आणि असे लाखो लोक त्या हमीच्या दिशेने पायी निघाले.

यावर उपाय म्हणून कोणत्याही राज्यात धान्य उचलण्याची सोय झाली. तिचा आरंभ ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या दोन जोड्यांत झाला त्यांत महाराष्ट्र-गुजरात ही एक होती, हे सुरतेच्या खानदेशी कामगारांच्या दृष्टीने विशेष आहे. जून २०२२ पर्यंत ती देशभर लागू झाली. पण त्यासाठी कार्डावर नाव हवे, आधार जोडलेला हवा, लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या कार्डावरून कमी होऊन सासरच्या कार्डावर चढलेले हवे. ही कामे साथ आल्यावर होत नाहीत, त्यावेळी तहसील कचेरीच बंद असते. आपल्या संस्थांनी दरवर्षी वह्या वाटप करतो त्याच दिवशी एका टेबलावर रेशनकार्ड तपासणीचे काम ठेवले तर खर्च शून्य आहे.

आता प्रश्न राहतो पगारदार कुटुंबाचा. घरात काहीच साठा ठेवू नये काय? तसे नाही. पंधरा दिवस पुरेल एवढे सामान घरात असणे चांगलेच, त्यामुळे साथीत वारंवार बाहेर पडावे लागत नाही. मात्र तो साठा साथ नसताना, नेहमीच्या यादीत दर खेपेला एखादा किलो वाढवून करावा. दोन-तीन महिन्यांत तो आपोआप होतो आणि वाण्याच्या फळीला कळतही नाही. आदला माल आधी वापरावा, नवा मागे ठेवावा. साथ आल्यावर मात्र खरेदी नेहमीएवढीच ठेवावी. औषधांचे तर अधिकच जपावे. एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिव्हिरसाठी नातेवाइकांच्या रांगा लागल्या होत्या, आणि जागतिक आरोग्य संघटनेने तर नोव्हेंबर २०२० मध्येच त्याच्या वापराविरुद्ध सल्ला दिलेला होता. त्याच दिवसांत काहींनी गरज नसताना ऑक्सिजनचे सिलिंडर घरी आणून ठेवले. भरलेला सिलिंडर कपाटाआड उभा, आणि रिकामा सिलिंडर खांद्यावर घेऊन माणूस गावभर फिरतो आहे, असे त्या उन्हाळ्यात घडले.

दुकानदाराशीही बोलता येते. वस्तीतील चार जाणत्या माणसांनी त्याला भेटून एका कुटुंबाला एका वेळी किती माल द्यावयाचा हे ठरविले आणि पाटीवर लिहून लावले, तर त्यालाही बरे वाटते. गिऱ्हाइकाला नाही म्हणण्याचा वाईटपणा त्याच्या एकट्यावर येत नाही. सुटा माल, म्हणजे पावशेर-अर्ध्या किलोची विक्री, चालू ठेवण्याची विनंती मुद्दाम करावी. ऑस्ट्रेलियातील एका मोठ्या दुकानसाखळीने मार्च २०२० मध्ये सकाळचा पहिला तास वृद्ध व अपंगांसाठी राखून ठेवला होता. आपल्या वस्तीत असा तास संध्याकाळी, मजूर कामावरून परततात तेव्हा राखावा लागेल.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास : आपल्या वस्तीतील कोणत्याही वीस घरांना भेट द्यावी आणि तीन गोष्टी वहीत नोंदवाव्यात. घरात आज किती दिवसांचे धान्य आहे. खरेदी महिन्याची, आठवड्याची की रोजची. आणि घरातील किती माणसांची नावे चालू रेशनकार्डावर आहेत. नावे लिहू नयेत, घरांना १ ते २० असे क्रमांक द्यावेत. मग वस्तीतील दुकानदाराला विचारावे की त्याच्याकडे साधारण किती दिवसांचा माल असतो, आणि वर केलेले २०० कुटुंबांचे गणित आपल्या वस्तीचे आकडे घालून पुन्हा करावे.